२,४०,००० किलोमीटर पळालेली स्टेशन वॅगन रोजच्या वापराला घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बारा वर्षांची डिझेल स्टेशन वॅगन (सेदानचंच छत मागेपर्यंत नेलेली, मोठ्या डिकीची गाडी) बघून ठेवलीय: मॅन्युअल गिअर, मीटरवर २,४०,००० किलोमीटर, पहिल्यापासून एकच मालक आणि सोबत बिलांची जाड फाइल. वापर रोजचा. कामावर जायला एका बाजूने आठ किलोमीटर, वाटेत मुलांची शाळा, आठवड्याचं सामान, आणि महिन्यातून एक-दोनदा सायकली नि कुत्रा घेऊन लांबची फेरी. तेवढ्याच पैशांत ७०,००० किलोमीटर झालेली लहान हॅचबॅक मिळतेय आणि घरचे सगळे तिच्या बाजूने आहेत. वॅगन घेणं वेडेपणा ठरेल का, आणि त्याच मॉडेलच्या सेदानचे पार्ट वॅगनला चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

वेडेपणा अजिबात नाही. पण माझा होकार दोन गोष्टींवर अडलाय. एक त्या फाइलमध्ये सापडेल, दुसरी तुमच्या रोजच्या आठ किलोमीटरांत आहे.

मी जुन्या गाड्यांची कामं करतो आणि गिऱ्हाइकांना गाडी घेण्याआधी तपासूनही देतो. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, 'अजून किती चालेल?' याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणती मोठी कामं निघणार, आणि ती आधीच्या मालकाने उरकून ठेवलीत की तुमच्या गळ्यात पडणार? एवढी पळालेली गाडी विकायला निघते तेव्हा बऱ्याचदा मालकाला मेकॅनिकने नुकताच एखाद्या कामाचा खर्च सांगितलेला असतो. तो कोणत्या कामाचा होता, हे शोधून काढलंत की अर्धी तपासणी झाली.

आता मीटरवरच्या आकड्याबद्दल. किलोमीटर हे झिजेचं एक माप आहे, आणि तेही फारसं चांगलं नाही. हिशेब तासांत करून बघा. मोकळ्या रस्त्यावर सरासरी ताशी ७० ने पळालेल्या गाडीला २,४०,००० किलोमीटरांसाठी साधारण ३,४०० तास लागतात. सिग्नल, रांगा, पार्किंग शोधणं धरून सरासरी ताशी २० ने फिरलेल्या हॅचबॅकचे ७०,००० किलोमीटर म्हणजे ३,५०० तास. दोघींची इंजिनं सारखीच चाललीत! वर थंड स्टार्टचा मुद्दा आहेच. इंजिनाची बरीचशी झीज ते गरम होईपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांत होते. ऑइल जाड असतं, इंधन जास्त सोडलं जातं, आत पाण्याची वाफ धरते. आठ-आठ किलोमीटरच्या फेऱ्या करत ७०,००० गाठलेल्या गाडीने असे पावणेनऊ हजार स्टार्ट सोसलेले असतात. साठ-साठ किलोमीटरच्या फेऱ्यांत २,४०,००० गाठलेली गाडी चार हजारांवर थांबते. क्लच, गिअर, स्टार्टर मोटर, दारांचे बिजागर, हँडब्रेक ही सगळी मंडळी अंतर मोजत नाहीत, आपल्याला किती वेळा हलवलं ते मोजतात.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: गाडी रोज कुठून कुठे जायची? एकाच मालकाकडे बारा वर्षांत २,४०,००० म्हणजे वर्षाला २०,०००. हे लांबच्या नोकरीचं रनिंग असू शकतं, किंवा दिवसभर शहरात माल पोचवायचंही. पहिलं असेल तर आकड्याला घाबरू नका. दुसरं असेल तर घरचे बरोबर आहेत.

काही भागांना मात्र ही सूट मिळत नाही. व्हील बेअरिंग, शॉकअब, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट रस्त्यावरच्या प्रत्येक फिरकीचा आणि धक्क्याचा हिशेब ठेवतात. रबराचे पाइप, इंजिन माउंटिंग, टायर, ब्रेक ऑइल हे तर गाडी उभी असली तरी म्हातारे होतात. बारा वर्षांच्या गाडीत हे सगळं एकदा तरी बदललेलं असायला हवं. हॅचबॅकलाही हेच लागू आहे. ७०,००० किलोमीटर आणि बारा वर्षं असतील, तर 'कमी चाललीय' म्हणून कुणी हात न लावलेला मूळचा टायमिंग बेल्ट तिच्यात अजून फिरत असायची शक्यता उलट जास्त.

फाइल कशी वाचायची ते सांगतो. जाडीवर भुलू नका. सगळी बिलं तारखेनुसार टेबलावर लावा आणि प्रत्येकावरचं किलोमीटर रीडिंग कागदावर उतरवा. आकडा दर वेळी वर चढला पाहिजे, आणि साधारण सारख्या गतीने. मध्येच दोन-अडीच वर्षं काहीच नसेल तर त्या काळात गाडी कुठे होती ते विचारा. मीटर मागे फिरवण्याची भीती फक्त कमी रनिंगच्या गाड्यांत असते असं नाही. ३,६०,००० चे २,४०,००० केलेलीही विकायला येते. बिलांशिवायचा पुरावा गाडीतच असतो. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, क्लच पेडलचं रबर, गिअर नॉब, सीटबेल्टच्या पट्ट्याची सुटलेली कड, आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर खड्यांचे किती टवके उडालेत ते बघा. हायवेच्या गाडीला हे टवके असणारच. ते नसतील तर पुढचा भाग कधी रंगवला आणि का, हा पुढचा प्रश्न.

मग कामांचे तीन रकाने करा: झालेलं, येऊ घातलेलं, माहीत नाही. 'माहीत नाही' मधलं सगळं उचलून 'येऊ घातलेलं' मध्ये टाका. इथे माया दाखवायची नाही. मालक कितीही भला असो, 'बेल्ट बदललाय बहुतेक' म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. बिलावर 'तपासला' लिहिलंय की 'बदलला', तेही नीट वाचा.

यादीत सर्वांत वर टायमिंग बेल्ट. तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा हे त्या-त्या इंजिनावर ठरतं, म्हणून इंजिन कोड घेऊन कंपनीचं वेळापत्रकच बघा. ऐकीव आकडे नकोत. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. आजच्या डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि एवढ्या जुन्या गाडीत दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीलाच भिडतो. बेल्टसोबत त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि (बेल्टवरच फिरत असेल तर) वॉटर पंप बदललाय का ते बिलात शोधा. नुसता बेल्ट बदलून पंप जुना ठेवला असेल तर मी ते काम अर्धवट धरतो, कारण पंप गळला की तेवढंच सगळं पुन्हा उघडावं लागतं. इंजिनाला बेल्टऐवजी चेन असेल तर 'चेन आहे, बघायलाच नको' या बोलण्यावर जाऊ नका. चेन लांबते, तिचे गाइड झिजतात, आणि थंड स्टार्टला दोन-चार सेकंद खडखड ऐकू येते. काही इंजिनांत बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीचं ऑइल घातलं किंवा ऑइल वेळेवर बदललं नाही तर तो सुटायला लागतो आणि त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. असं इंजिन असेल तर ऑइलच्या प्रत्येक बिलावरचा ग्रेड बघा.

त्यानंतर क्लच. मॅन्युअल डिझेलमध्ये त्याच्यासोबत बहुधा ड्युअल मास फ्लायव्हील येतं, म्हणजे दोन तबकड्या आणि मध्ये स्प्रिंगा. हायवेच्या गाडीत पहिला क्लच २,४०,००० पर्यंत पोचू शकतो, पण मग पुढचा नंबर त्याचाच. गिअरबॉक्स उतरवायचं काम असल्यामुळे दोन्ही एकदमच बदलतात आणि बिल मोठं येतं. तुमची गाडी मॅन्युअल आहे म्हणून ऑटोमॅटिकबद्दल एवढंच सांगतो: 'गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं' हे झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच मानत नाही. तिचा सल्ला वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, नाहीतर आठ वर्षांनी ऑइल बदलण्याचा आहे.

आता तुमच्याबद्दलची अट. तुमचे आठ किलोमीटर आणि डिझेलचा धूर-फिल्टर, डीपीएफ, यांचं जमत नाही. हा फिल्टर काजळी अडवून ठेवतो आणि भरत आला की इंजिन मुद्दाम उशिरा जास्तीचं डिझेल सोडून धूर ६०० अंशांच्या आसपास तापवतं. त्या उष्णतेत काजळी जळते. यासाठी गरम इंजिनावर दहा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. आठ किलोमीटरात इंजिन जेमतेम गरम होतं, तेवढ्यात शाळा आली, चावी बंद. काम अर्धवट राहतं. असं पुन्हापुन्हा झालं की फिल्टर तुंबतो, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. लोक खूश होतात, 'बघा, गाडी ऑइल खात नाही!' प्रत्यक्षात ऑइल पातळ होऊन बेअरिंगांचं नुकसान चाललेलं असतं.

हायवेवर वाढलेली गाडी अशा वापरात आली की वर्षभरात कुरकुर सुरू करते आणि दोष २,४०,००० वर जातो. खरं तर बदललेला असतो वापर. आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास, गावाबाहेरच्या स्पीडने गाडी पळवणं तुम्हाला खरोखर जमणार असेल तर डिझेल चालेल. महिन्यातून एक-दोन लांबच्या फेऱ्या एकट्या पुरणार नाहीत, पण त्या हिशेबात धरता येतील. ते जमणार नसेल तर हीच वॅगन पेट्रोलमध्ये शोधा. इंधन जास्त लागेल, पण रोजच्या छोट्या फेऱ्यांत फिल्टर आणि इंजेक्टरच्या एका कामाचा खर्च भरून निघायला पेट्रोलच्या बऱ्याच टाक्या लागतील.

बघायला जाल तेव्हा सायलेन्सरच्या टोकाला आतून बोट फिरवा. फिल्टर धड असलेल्या डिझेलचं टोक आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ असतं. बोट काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी आतून पोकळ करून टाकलाय. पोकळ करणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे आणि धुराच्या तपासणीत ते तुमच्या अंगाशी येईल.

आता वॅगन म्हणून काय बघायचं. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण पुढचा अर्धा भाग सेदानसारखाच असतो आणि तो सगळेच बघतात. मागे कुणी बघत नाही.

मागचं दार उघडा आणि हात सोडा. दार जागेवर थांबलं पाहिजे. हळूहळू खाली येत असेल तर गॅसचे शॉकअब गेलेत. स्वस्त काम, पण भाव करायला उपयोगी. मग दाराच्या बिजागराजवळ छतातून दारात जाणारी रबरी नळी शोधा. तिच्यातून मागचा वायपर, काचेची हीटर, नंबरप्लेटचा दिवा, लॉक यांच्या वायरी जातात. हजारो वेळा दार उघडलं-मिटलं की त्या नेमक्या तिथेच तुटतात. मग वायपर कधी चालतो, कधी चालत नाही, लॉक मधूनच दगा देतं, आणि लोक मोटरी बदलत बसतात. रबर जरा मागे सरकवून वायरींची कातडी फुटलीय का बघा, आणि मागची प्रत्येक गोष्ट चालू करून बघा.

डिकीचा उंबरा आणि मागच्या बंपरची वरची कड ही गाडीची डायरी समजा. थोडे ओरखडे घरगुती सामानाचे असतात. कडेचा रंग पत्र्यापर्यंत गेला असेल, आतल्या प्लास्टिकवर खोल खाचा असतील, छताचं आतलं कापड मागच्या बाजूने फाटलं असेल तर गाडीने रोज माल वाहिलाय. डॅशबोर्डवर किंवा छतावर बुजवलेली भोकं दिसली तर टॅक्सी किंवा तसलाच धंद्याचा वापर समजा. मागे टो-बार असेल, किंवा तो काढल्याच्या खुणा असतील, तर काय ओढलं ते विचारा. जड ट्रेलर ओढलेल्या गाडीचा क्लच आणि मागचं सस्पेन्शन किलोमीटरच्या मानाने जास्त झिजलेलं असतं.

मग डिकीतला गालिचा पूर्ण उचला. अर्धा नाही, पूर्ण. स्टेपनीचा खड्डा उघडा, स्टेपनी बाहेर काढा, तळाला हात लावा. माझ्याकडे तपासायला आलेली एक वॅगन वरून अगदी नीटनेटकी होती, फाइलही सुरेख. स्टेपनी उचलली तर खाली चार बोटं पाणी. मागच्या दिव्याचं रबर आकसलं होतं आणि प्रत्येक पावसात थोडं थोडं पाणी आत उतरत होतं. दिव्याचं रबर ही किरकोळ वस्तू. पण त्याच बाजूच्या खणात एक कंट्रोल युनिट बसवलेलं होतं. त्याचा सॉकेट काढला तर पिना हिरव्या पडलेल्या आणि एक पिन हातातच आली. गिऱ्हाइकाने गाडी सोडली, आणि मी त्याला थांबवलं नाही. वॅगनमध्ये पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या असतात: मागच्या दाराचं रबर, दिव्यांची रबरं, छतावरच्या रेलचे नट, आणि मागच्या काचेवर पाणी मारणारी बारीक नळी. ही नळी निसटली की पाणी काचेवर न जाता छताच्या आत जातं. गालिचा कोरडा असूनही कुबट वास येत असेल, किंवा सुगंधी डब्या ठेवलेल्या असतील, तर कालच सुकवलाय असं समजा.

पुढे मागचं सस्पेन्शन. सपाट जागेवर गाडी बाजूने, लांबून बघा. रिकामी असताना मागून बसलेली दिसली तर स्प्रिंगा थकल्यात. कित्येक मोठ्या वॅगनांना मागे आपोआप उंची राखणारी व्यवस्था असते. मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ मालिकेतल्या वॅगनला ती हायड्रॉलिक होती, नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हवेच्या फुग्यांची आली. तुमच्या गाडीला फुगे असतील तर रात्रभर उभी असलेली गाडीच सकाळी बघायला जा. एक कोपरा खाली बसलेला असेल तर फुगा चिरलाय, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही मरायला टेकलेला असणार. साध्या स्प्रिंगा असतील तर नशीब समजा. रोजच्या गाडीला मला तरी साधंच आवडतं.

मागच्या सीटा एकदा पूर्ण पाडून, पुन्हा उभ्या करून लॉक होतात का बघा. डिकीवरचा ओढायचा पडदा आहे का विचारा. नसला तर तो वेगळा शोधताना दमछाक होते.

इंजिनाकडे येऊ. जायच्या आधी फोनवर सांगा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड असतानाच ऑइलची पातळी, कूलंटचा रंग आणि ऑइलचं झाकण बघा. झाकणाखाली थोडा पिवळसर फेस छोट्या फेऱ्यांमुळेही धरतो; पण डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल दिसलं, किंवा कूलंटवर तेलाची साय आली, तर परत फिरा. चावी फिरवली की इंजिनाचा पिवळा दिवा आधी लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो कुणीतरी झाकलाय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असेल किंवा इंजेक्टर बिघडले असतील. दोन्ही खर्चाची कामं.

गाडीचे एरर कोड वाचणारं साधं स्कॅनर सोबत न्या आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावा. एरर कोड नाहीत म्हणून लगेच खूश होऊ नका. गाडी स्वतःच्या काही चाचण्या घेत असते आणि त्या पूर्ण झाल्या की नाही हे स्कॅनर दाखवतं. बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कारण विचारा, आणि चार दिवसांनी पुन्हा तपासू द्याल का म्हणून बघा. चेहऱ्यावरून बरंच कळतं.

चालवताना रेडिओ बंद, काचा वर. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले पण गाडीने ओढ घेतली नाही तर क्लच घसरतोय. फ्लायव्हीलसाठी, न्यूट्रलला खडखड येते आणि क्लच दाबल्यावर थांबते का ऐका, बंद करताना इंजिन झटका देतं का बघा. मोकळ्या रस्त्यावर हलकं डावी-उजवीकडे वळवताना घूं आवाज कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर ॲक्सलचा जॉइंट. परत आल्यावर गाडी चालूच ठेवून दहा मिनिटं उभी करा आणि तापमानाच्या काट्याकडे बघत राहा.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर चार कंपन्यांचे, त्यातले दोन अगदी स्वस्त, असं दिसलं की मालकाची वृत्ती कळते. जो टायरवर पैसे वाचवतो तो न दिसणाऱ्या कामांवर नक्कीच वाचवतो.

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दारांखालचा पत्रा, मागच्या स्प्रिंगांच्या बैठका आणि मागे जाणारे ब्रेकचे पाइप, एवढं तरी खालून बघाच. समुद्राजवळ किंवा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात राहिलेली गाडी असेल तर हेच सर्वांत आधी. यांत्रिक काम कितीही मोठं असलं तरी त्याचा खर्च आधी कळतो. आधाराच्या पत्र्याला लागलेल्या गंजाचा खर्च खोलल्याशिवाय कळत नाही. तो दिसला की मी पुढचं काही तपासत बसत नाही.

भाव करताना 'येऊ घातलेलं' या रकान्याची बेरीज समोर ठेवा. माझा ठोकताळा असा: या बेरजेशिवायही गाडीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असावी. ती नसेल तर स्वस्त वॅगन घ्या, पण खिसा रिकामा करून महागातली घेऊ नका. ओरखडे, झिजलेलं स्टिअरिंग, मळलेल्या सीटा यांच्यापायी यांत्रिकदृष्ट्या चांगली गाडी सोडू नका. शाळा-सामान-कुत्रा या वापरात नवी सीटही वर्षभरात तशीच दिसणार आहे.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून टाका, फाइल काहीही म्हणो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते पुढेही दर दोन वर्षांनी. थर्मोस्टॅटवर लक्ष ठेवा: तो उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आणि मग डीपीएफची सफाई मुळात सुरूच होत नाही. पहिले दोन महिने दर रविवारी डिपस्टिक बघून पातळी लिहून ठेवा. घटतेय की वाढतेय, दोन्ही कळायला हवं.

राहिला सेदानच्या पार्टचा प्रश्न. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन, पुढचे ब्रेक, डॅशबोर्ड, पुढची दारं हे बहुतेक मॉडेलांत दोन्हींना एकच असतं, त्यामुळे सेदान जास्त खपलेली असेल तर तुमचा फायदाच. मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअब मात्र वॅगनला वेगळे असतात, कारण वजन वेगळं. सेदानचे बसले तरी बसवू नका, भरलेली गाडी मागून डुलायला लागेल. मागची काच, दिवे, बंपर, वायपरची मोटर, डिकीचा पडदा आणि कधीकधी सायलेन्सरचा मागचा तुकडासुद्धा फक्त वॅगनचा. हे पार्ट नवे मिळतात का, आणि भंगारात त्या मॉडेलच्या वॅगना येतात का, हे गाडी घेण्याआधीच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. ऑर्डर देताना मॉडेलचं नाव आणि साल सांगून भागत नाही, चासी नंबर द्या.